मशाल आणि कागदांची पिशवी

मैत्रिणींनो, मणिपुरात इम्फाळला कधी गेलात तर तिथल्या मोठ्या बाजारात पुरुष दुकानदार शोधू नका. सापडायचा नाही! त्या बाजाराचं नावच मुळी इमा कैथेल, म्हणजे आयांचा बाजार. मासळी, भाजी, हातमागाची वस्त्रं घेऊन हजारो बायका तिथं बसतात आणि परंपरेनं तिथली जागा मिळते ती लग्न झालेल्या बाईलाच. हे आधी सांगण्याचं कारण एवढंच, की या बायका ज्या कामासाठी पुढं देशभर ओळखल्या गेल्या, ते काम त्यांनी घरदार सोडून केलेलं नाही. दिवसा बाजार, संध्याकाळी चूल आणि रात्री पहारा.

हा पहारा सुरू झाला तो दारूपायी. 1970 नंतरच्या दशकात मैतेई वस्त्यांमधल्या बायका कंदील घेऊन रात्री गल्लीत फिरू लागल्या. दारुडा दिसला की त्याला धरायचं, गुत्ता दिसला की बंद पाडायचा. पुढं 1980 साली सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा सबंध मणिपूरला लागू झाला. कायदा मूळचा 1958 चा. 'अशांत' म्हणून जाहीर झालेल्या टापूत लष्कराला वॉरंटाशिवाय घरात शिरता येतं, माणूस उचलता येतो, इशारा देऊन गोळीही घालता येते आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जवानावर खटला भरता येत नाही. तिकडे बंडखोर संघटनाही काही कमी नव्हत्या. खंडणी मागायच्या त्या, आणि पोरं पळवायच्या त्याही. दोन्हीकडून भरडला जायचा तो घरातला तरणा मुलगा. मग रात्रीच्या बायकांच्या हातात कंदिलाऐवजी मशाल आली. मैरा पैबी म्हणजे मशाल धरणाऱ्या. कुणाच्या दारात गाडी थांबली की विजेच्या खांबावर दगडानं ठणठण वाजवायचं आणि साऱ्या जणींनी गोळा व्हायचं. पोराला नेतच असाल तर आमच्यादेखत न्या, एवढंच मागणं.

2004 च्या जुलैत थांगजम मनोरमा या तरुणीला आसाम रायफल्सच्या जवानांनी रात्री घरातून नेलं. बंडखोरांशी संबंध असल्याचा संशय होता. नेताना अटकेचा कागद घरच्यांच्या हाती दिला आणि सकाळी तिचं प्रेत सापडलं. त्यानंतर चार दिवसांनी, 15 जुलैला, बारा प्रौढ बायका कांगला किल्ल्याच्या दारासमोर अंगावरची वस्त्रं उतरवून उभ्या राहिल्या. आया होत्या, कित्येकींना नातवंडं होती. आपल्यापैकी काहींना हे वाचतानाही अवघडल्यासारखं होईल. त्यांनाही झालंच असेल की! पण पंचवीस वर्षं निवेदनं देऊन जे झालं नव्हतं ते त्यानंतर झालं. इम्फाळ शहराच्या सात विधानसभा मतदारसंघांतून तो कायदा उठला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आसाम रायफल्सनं कांगला किल्ला राज्य सरकारच्या हवाली केला.

इरोम शर्मिलाचं नाव तुम्ही ऐकलेलं असेल. 2000 सालच्या नोव्हेंबरात मालोम गावी बसथांब्यावर दहा माणसं गोळीबारात मारली गेली, तेव्हा तिनं अन्न सोडलं ते 2016 च्या ऑगस्टपर्यंत. नाकातल्या नळीवाटे तिला जगवलं. तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून आज मी सांगणार आहे ते दुसऱ्याच बायकांविषयी.

या त्या बायका, ज्यांचे नवरे किंवा मुलगे 'चकमकीत' मारले गेले. बहुतेक जणी तरुण, पदरी लहान मुलं. वर अतिरेक्याची बायको हा शिक्का. सासरचे बोलत नाहीत, शेजारी दार उघडत नाहीत. 2009 साली या एकत्र आल्या, त्यांची संघटना झाली आणि त्यांनी काय केलं? कागद जमवले. शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांकडची नोंद, शाळेचा दाखला, शेवटचा फोटो. घरोघर जाऊन, ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिला विचारून विचारून, तारीखवार. ह्यूमन राइट्स अलर्ट या संस्थेची त्यांना साथ होती. 2012 साली त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यात किती नावं होती? 1528!

न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांची समिती नेमली. समितीनं नमुन्यादाखल सहा प्रकरणं तपासली आणि सहाच्या सहा चकमकी खऱ्या नव्हत्या असा निष्कर्ष दिला. त्यातला एक मुलगा तर अवघा बारा वर्षांचा. 2016 मध्ये न्यायमूर्ती लोकूर आणि आपले मराठी न्यायमूर्ती उदय लळित यांनी निकाल दिला, की टापू अशांत असला तरी वाटेल तेवढं बळ वापरण्याची मुभा कुणाला नाही. पुढच्या वर्षी काही प्रकरणांचा तपास सीबीआयकडे गेला. तपास फार मंद चालला आणि शिक्षांच्या बाबतीत या बायकांच्या पदरात फारसं काही पडलं नाही, हेही सांगायला हवं. पण मेलेला नवरा अतिरेकी नव्हता, हे मुलांना कागद दाखवून सांगता आलं. हे मला लहान वाटत नाही.

आता कडू भाग. मे 2023 मध्ये मैतेई आणि कुकी यांच्यात आगडोंब उसळला. अडीचशेवर माणसं गेली, साठेक हजार बेघर झाली. दोन कुकी स्त्रियांची विवस्त्र धिंड निघाली. आणि ज्यांच्या मशालीचं मी वर एवढं कौतुक केलं त्याच मैरा पैबींनी रस्ते अडवले. जूनमध्ये बायकांच्या जमावापुढं लष्कराला पकडलेले बारा बंडखोर सोडावे लागले. कुकी बायकांनीही आपल्या बाजूचे रस्ते रोखलेच. आपल्या पोरासाठी जागणारी आई पलीकडच्या पोराच्या वेळी जागी राहिली नाही, याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. दोन्हीकडच्या काही बायका तरीही एकमेकींशी बोलू पाहतात, पण त्यांचं ऐकणारे थोडे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण आमच्या घरात याचा उपयोग काय? आहे. अटकेचा कागद आणि तक्रारीची प्रत ही मणिपूरची मिरास नाही. पोलीस कुणाला नेऊ लागले तर अटकपत्र मागा. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी, आणि सही करण्यापूर्वी त्यावरची वेळ नीट वाचा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलंच पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची तर अगदी अपवाद म्हणून, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीनं आणि महिला अधिकाऱ्याकडूनच. नुसत्या साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, विचारायचं ते तिच्या घरी येऊन. एफआयआरची प्रत फुकट मिळते, 'हद्द आमची नाही' म्हणून तक्रार नाकारता येत नाही. नाकारलीच, तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

ही सगळी कागदपत्रं रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवा, नवऱ्याच्या कपाटात नको. जागा तुम्हांला ठाऊक हवी. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. 1987 च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, मग घरचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथं साधा अर्ज करायचा. फोनवर विचारायचं असेल तर क्रमांक 15100.