मुंडकी उडवून सुरक्षितता येत नाही!

मे महिना आला की पिंपरी-चिंचवडमध्ये कुऱ्हाडींना ऊत येतो. निगडी प्राधिकरणापासून भोसरीच्या एमआयडीसीपर्यंत आणि पुढे चाकणच्या कारखान्यांच्या कुंपणापर्यंत गुलमोहोर, पर्जन्यवृक्ष उभेच्या उभे बोडके होतात. शेंडा उडवला, फांद्या खांद्यापासून तोडल्या, नुसता खांब उरला की कागदावर शेरा पडतो : पावसाळापूर्व छाटणी पूर्ण!

याला छाटणी म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे : ही विद्या तुम्ही कोणत्या शाळेत शिकलात? झाड पानांवर जगते. पानेच ओरबाडली की ते साठवलेले अन्न जाळून घाईघाईने कोंब फेकते. हे कोंब जुन्या फांदीसारखे खोडात खोल रुजलेले नसतात, ते सालीलगत चिकटलेले असतात. खाली थोटूक कुजत जाते, वर कोंबांच्या जाडजूड फांद्या होतात आणि एका वळवाच्या वादळात त्या रिक्षावर कोसळतात. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाने यंदा केलेले मुंडण हीच चार वर्षांनंतरच्या अपघाताची तयारी असते!

अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवून दिले की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंत घालून त्याला आत कोंडते. ही भिंत उभारण्याची ताकद फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्यात असते. म्हणून जड फांदी तीन कापांत उतरवायची : खोडापासून फूटभर अंतरावर पहिला काप खालून, जरा पुढे दुसरा वरून, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत जात नाही, आणि उरलेले थोटूक त्या कड्याच्या अगदी बाहेरून कापायचे. आधी वाळलेल्या, रोगट, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढायच्या. एका वेळी चौथ्या हिश्शाहून अधिक पालवी काढायची नाही. एवढे साधे ज्ञान ठेकेदाराच्या निविदेत का नसते?

कायदा तरी कुठे झोपला आहे? महाराष्ट्राच्या 1975च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे झाड तोडण्यातच मोडते. मग बोडके केलेले प्रत्येक झाड हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे काय? महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण हा पुरावा रोज रस्त्यावर पाहते आणि पुढे चालू लागते!

वाऱ्याची एवढीच धास्ती असेल, तर ती लोखंडाबाबत कुठे गेली होती? 17 एप्रिल 2023 रोजी किवळ्यात वादळापासून आडोसा शोधणाऱ्या पाच जणांचा जीव होर्डिंगखाली गेला. फलकांचे सांगाडे तपासायला सवड नाही आणि झाडांवर मात्र दरसाल कुऱ्हाड! बुंध्याला काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकचा फास आवळायचा, खोदाईत मुळे तोडायची, आणि झाड कलले की धोकादायक म्हणून त्याच्याच नावाने बोंब मारायची!

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय, महापालिकेची असो, महावितरणची असो वा सोसायटीची, एकही करवत झाडाला लागता कामा नये. थोटूक दिसले की बिल रोखा, झाड बोडके दिसले की गुन्हा नोंदवा. ज्या ठेकेदाराला हे जमत नाही त्याने करवत खाली ठेवावी. ज्या अधिकाऱ्याला हे करवून घेता येत नाही त्याने खुर्ची खाली करावी!