कार्यक्रम कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी, सगळे येणार कसे ते विचारा



गणपती जवळ आले की पटाया, जोमतिएन आणि सीराचाकडच्या आपल्या मराठी घरांत तीच चर्चा सुरू होते. हॉल कोणता, मोदक कोण करणार, आरती किती वाजता. "सगळे येणार कसे?" हा प्रश्न मात्र शेवटी येतो, नाहीतर येतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की तो सगळ्यात आधी यायला हवा.

जे इथे राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपली वस्ती विखुरलेली आहे. लाएम चबांग बंदराकडे किंवा रायोंगच्या कारखान्यांत नोकरी असणारे कुणी सीराचाला राहतात, कुणी पटायाला. पटायात सुखुमवित रस्ता आणि रेल्वेरूळ ओलांडून पूर्वेला गेलं की भाडं कमी आणि घर मोठं. परदेशी लोक त्या भागाला गमतीने 'डार्क साइड' म्हणतात. तिथल्या एखाद्या सोसायटीचं क्लबहाऊस स्वस्तात मिळतं, पार्किंगही असतं, म्हणून कार्यक्रम तिकडे ठरतो. गाडीवाल्यांची सोय होते. बाकीच्यांचं काय?

बाकीचे म्हणजे कोण? नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायका. वेगळं वर्क परमिट असल्याशिवाय त्यांना इथे नोकरी करता येत नाही, आणि घरातली एकुलती गाडी सकाळीच कारखान्यात गेलेली असते. बाकीचे म्हणजे नुकतं आलेलं कुटुंब, आणि बारा-चौदा वर्षांची मुलं, ज्यांना प्रत्येक वेळी आईबाबांनी सोडायला यावं लागतं.

आता सोंगथेवबद्दल. मागे दोन बाकं लावलेली पिकअप. नावाचा अर्थच 'दोन रांगा'. आपल्याकडची वडाप म्हणा ना! पटायात निळ्या, सुखुमवितवरून सत्ताहिपकडे जाणाऱ्या पांढऱ्या. ठरलेल्या रस्त्यावर हात दाखवायचा, चढायचं, उतरायचं तिथे छताचं बटण दाबायचं आणि खाली उतरून ड्रायव्हरला सुटे बाट द्यायचे. चढताना भाव विचारलात तर तो तुम्हाला स्पेशल भाडं समजू शकतो. मुलांना हे एकदा शिकवलं की पुरे. बीच रोड उत्तरेकडून दक्षिणेला, सेकंड रोड उलट दिशेला, एवढं कळलं की निम्मं शहर हातात येतं.

सोंगथेव सोडली की उरते स्कूटर, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. मागे बायको, पुढे मूल, मध्ये प्रसादाचा डबा आणि हेल्मेट एकच! गावाकडे चालायचं म्हणून इथेही चालतं, असं समजू नका. थायलंडमध्ये रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत बहुसंख्य दुचाकीवरचे असतात. चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचं आहे. 2022 च्या बदलानंतर दंड 2,000 बाटपर्यंत जाऊ शकतो. दंडाचं सोडा, मोटरसायकलचं वैध लायसन्स नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. त्यात गणपती येतात ऐन पावसाळ्यात, आणि एका जोरदार सरीत पटायाचे रस्ते तुंबतात.

"ग्रॅब किंवा बोल्ट करा की," असं कुणी म्हणेल. करावंच, विशेषतः आजी-आजोबा आलेले असताना, कारण सोंगथेवची पायरी त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही. पण दर महिन्याला, दोन्ही वेळचं भाडं सगळ्यांना परवडत नाही. "लिफ्ट देऊ ना," हेही मनापासून असतं. तरी दर वेळी मागायचा संकोच वाटतो. दोनदा मागतात, तिसऱ्यांदा "मुलाला बरं नाही" असा मेसेज येतो आणि पुढे ते कुटुंब दिसेनासं होतं. मग आपण म्हणतो, त्यांना आवडच नाही.

म्हणून माझ्या सूचना:

1. हॉल सोंगथेवच्या रस्त्यापासून चालत जाण्याइतका जवळ घ्या. भाडं थोडं जास्त पडलं तर वर्गणी थोडी वाढवू.

2. आरती संध्याकाळी सहाला, जेवण साडेसातपर्यंत. रात्री सुखुमवितवर सोंगथेव कमी होतात.

3. वर्षातून एखादा कार्यक्रम सीराचाला ठेवा. पंचवीस-तीस किलोमीटर दर वेळी त्यांनीच का यायचं? रेल्वे आहे, पण दिवसातून मोजक्याच गाड्या.

4. मोठ्या मुलांना चार-पाच जणांच्या गटाने सोंगथेवने येऊ द्या. तोडकंमोडकं थाई तिथेच सुटेल.

मुलांना मराठी यावं म्हणून आपण वर्ग काढतो, पुस्तकं मागवतो. पण भाषा बोलायला माणसं लागतात, आणि ती समोर आली पाहिजेत. ज्या घरातलं मूल पोचूच शकत नाही, त्याच्यासाठी आपलं मंडळ असून नसल्यासारखं आहे.

दुबई, मस्कत, न्यू जर्सीवाल्यांनो, तुमच्याकडे गाडी नसलेली माणसं कार्यक्रमाला कशी येतात? की येतच नाहीत? खाली नक्की लिहा.