वर्ग की शिधा?
अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये गरीब घरांतली ३ ते ५ वर्षांची ६१० मुले पालकांसह तीन वर्षे लठ्ठपणा रोखण्याच्या एका प्रयोगात होती. निम्म्या कुटुंबांना आधी १२ आठवडे दर आठवड्याला दीड तासाचा वर्ग, मग फोनवरून सल्ला. या मुलांच्या पोटात जाणारे उष्मांक थोडे घटले, समाजकेंद्रातले येणे-जाणे वाढले. वजन-उंचीच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २०१८ साली हे निष्कर्ष छापून आले.

याचे खापर आयांवर फोडणे सोपे आहे, आणि ते फोडलेही जाते. पण रात्रपाळी करून आलेल्या बाईला ‘मुलांना भाजी द्या’ सांगणारा भाजीचे पैसे देत नाही. अमेरिकेतल्याच ‘विक’ या सरकारी पोषण योजनेने २००९ मध्ये शिधाच बदलला: फळांचा रस कमी, दोन वर्षांवरील मुलांना कमी स्निग्धांशाचे दूध, भाज्या-फळांसाठी वेगळी रक्कम. योजनेतल्या २ ते ४ वर्षांच्या मुलांमधला लठ्ठपणा २०१० मधल्या १५.९ टक्क्यांवरून २०१६ मध्ये १३.९ टक्क्यांवर आला. सारे श्रेय शिध्याचे नसेल. तरी निधीचा पहिला वाटा वर्गांऐवजी भाजीच्या रकमेला मिळावा.