बिनतेलाच्या सॅलडचं सोवळं

अन्न जितकं कच्चं तितकं पौष्टिक आणि तेलाचा थेंब पडला की त्याची माती झाली, हे मत हल्ली शहाणपण म्हणून मिरवतं. गाजर-टोमॅटोवर नुसतं लिंबू पिळणारा व्रतस्थ ठरतो. कोशिंबिरीला फोडणी देणारी आजी अडाणी. गाजरापुरतं तरी शहाणी आजीच.

पूर्वपक्षात तथ्य आहे: शिजवताना क जीवनसत्त्व घटतं. पण गाजराचं महत्त्व क जीवनसत्त्वासाठी नाही, बीटा-कॅरोटीन या रंगद्रव्यासाठी आहे. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. हे द्रव्य पेशींच्या चिवट भिंतींआड स्फटिकरूपात असतं. किसल्या-शिजवल्यानं भिंती फुटतात. तरी ते पाण्यात विरघळत नाही. लहान आतड्यात ते आधी स्निग्धात उतरतं, पित्तरस त्याचे सूक्ष्म कण करतो, तेव्हा कुठे आतड्याच्या अस्तरात शिरतं. जेवणात स्निग्ध नसेल तर बहुतेक रंग आला तसा निघून जातो.

पडताळा घरच्या मोरीत मिळतो. बिटाचा रंग वाटीवरून पाण्यानं सहज निघतो. मिसळीच्या तर्रीचा नारिंगी रंग प्लॅस्टिकच्या डब्याला धरून बसतो, कारण मिरचीचा तो रंगही कॅरोटीनच्याच कुळातला, तेलात उतरलेला.

प्रयोगही झाला आहे. २००४ साली अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी पालक, लेट्यूस, टोमॅटो, गाजर यांचं सॅलड तीन प्रकारे खाऊ घातलं: एकात तेल नाही, दुसऱ्यात ६ ग्रॅम, तिसऱ्यात २८ ग्रॅम. बिनतेलाच्या सॅलडमधलं कॅरोटीन रक्तात जवळपास पोचलंच नाही. तेल वाढलं तसं शोषण वाढलं.

मग तेल ओतायचं का? मुळीच नाही. एका जेवणात चमचाभर तेलानं काम भागतं. दाण्याचं कूट किंवा खवलेलं खोबरंही चालतं. शिवाय सगळ्या भाज्यांना एकच नियम लावणं हाच खरा अडाणीपणा. पेरू, आवळा, लिंबू कच्चे खावेत. गाजर, लाल भोपळा, माठ, शेवग्याचा पाला यांना मात्र शिजवणं आणि फोडणी दोन्ही मानवतात. डॉक्टरांनी तेल मोजून वापरायला सांगितलं असेल, तर भज्यांतलं वगळा आणि तो मोजका चमचा इथे खर्चा.