शिबिरातल्या मुलांच्या हातात काय द्यायचं?



आपल्या शिबिरांचं अंदाजपत्रक आठवून पाहा. चहा-नाश्ता, प्रवासखर्च, पाहुण्यांचं मानधन, पोस्टर्स. आयांबरोबर आलेल्या पोरांसाठी काय? फार तर बिस्किटांचे पुडे आणि ‘गप्प बसा रे’ ही ताकीद. आत आपण पितृसत्तेवर बोलत असतो आणि बाहेर ओट्यावर दहा वर्षांची पोर धाकटं भावंड कडेवर घेऊन उभी असते. बारा वर्षं वस्तीत काम केल्यावर मला हे खुपायला लागलं. उशीरच झाला.

मग मी पुस्तकांची पिशवी न्यायला लागले. सुरुवातीला देणगीत आलेल्या बोधकथा नेल्या. त्यांत आई कायम चुलीपाशी. मग आपलीच ‘समते’ची पुस्तकं नेली, ती त्याहून कंटाळवाणी! शेवटी भाषण येणार हे मुलांना आधीच कळतं, ती उठून जातात.

टिकलं ते महाश्वेतादेवींचं ‘द व्हाय-व्हाय गर्ल’ (तूलिका प्रकाशन, २००३). मी ते मराठीत सांगते. शबर जमातीतली मोयना बाबूंच्या शेळ्या राखते आणि सारखं ‘का?’ विचारते. उरलासुरला भात दिला म्हणून बाबूंचे आभार का मानायचे? सकाळी शेळ्या चारायच्या असतात, तर शाळेनं आपली वेळ का बदलू नये? हा प्रश्न ऐकून ओट्यावरची ती पोर दारातून आत आली. भावासाठी तिची शाळा सुटली होती. जाताना तिनं पुस्तक मागितलं आणि मी दिलं नाही. एकच प्रत होती म्हणून! ते अजून सलतं.

अगदी लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच. घरातल्या एकेका माणसावर एक छोटं पुस्तक. एक सहकारी म्हणाली, ‘हे मध्यमवर्गीय घर, आपल्या पोरांना काय त्याचं?’ तिचा आक्षेप खोटा नाही. पण आमच्या पोरांनी ते पाहून आपापल्या घरातली माणसं सांगायला सुरुवात केली. कुणाच्या घरात बाबाच नव्हते, तेही सांगून झालं.

तरी तो आक्षेप मनात ठेवून हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास केंद्राची ‘डिफरंट टेल्स’ ही मालिका (२००८) जरूर मिळवा. दलित, मुस्लिम घरांतली मुलं इथे बिचारी नाहीत. बकऱ्याच्या मुंडीच्या रश्शाची गोष्ट सांगताना एरवी गप्प असणारी मुलंच पुढे सरकतात. मालिका तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत निघाली. मराठीत आणायचं काम आपल्यापैकी कुणी तरी अंगावर घ्यायला हवं.

अलीकडचं म्हणजे कनक शशी यांचं ‘गुठली हॅज विंग्ज’ (२०१९). घरचे गुठलीला मुलगा म्हणतात, ती स्वतःला मुलगी मानते. कार्यकर्त्या हे पुस्तक काढायला कचरतात, मुलं नाही.

मोठ्या मुलांना ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ (२०११) दाखवा. जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वरचं हे चित्ररूप पुस्तक इंग्रजीत निघावं, याची मला थोडी लाजच वाटते.

मुलग्यांनाही हीच पुस्तकं द्या. आणि वाचून झाल्यावर ‘काय शिकलात?’ असं विचारू नका.

पुढच्या शिबिराच्या अंदाजपत्रकात मी पुस्तकांची वेगळी ओळ घातली आहे. मोयनाच्या दहा प्रती, घरी नेण्यासाठी.