वीसच्या आतली शाळा

बुधवार पेठेतील भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला. पाडण्यामागील हेतू चांगलाच होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जेथे मुलींची शाळा सुरू केली, त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी जुनी होती. तिच्यासाठी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडावे लागले होते, आणि अखेर ती मार्गी लागल्याचा आनंद पुरोगामी म्हणविणाऱ्या सर्वांनाच झाला. पण त्याच वर्षी, वाडा पडण्याच्या सुमारे अडीच महिने आधी, २१ सप्टेंबर रोजी, याच पुणे शहरातील शिक्षण आयुक्तालयातून एक पत्र राज्यभर रवाना झाले होते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव पाठवावेत, असे त्या पत्राचे सांगणे होते. भिडे वाड्यातील शाळेत आरंभी मुली किती होत्या? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. म्हणजे आज जिचे स्मारक उभारावयाचे ती शाळा, तिचे स्मारक उभारणाऱ्या सरकारच्या कसोटीला उतरली नसती. मोजक्या मुलींच्या शाळेला वंदन करावयाचे आणि मोजक्या मुलांच्या शाळांची यादी मागवावयाची, ही दोन्ही कामे एकाच शहरात, एकाच हंगामात, कोणालाही न खटकता पार पडली.

त्या वेळी जाहीर झालेल्या आकड्यांनुसार राज्यात अशा शाळा १४,७८३ होत्या. त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती आणि २९,७०७ शिक्षक शिकवीत होते. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले व दोन शिक्षक. अर्थखात्याच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला यात उधळपट्टीखेरीज दुसरे काही दिसणे कठीण. बारा मुलांना दोन मास्तर! पण ही मुले एका गावची नव्हेत, जवळजवळ पंधरा हजार ठिकाणची आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी ठिकाणे अशी की जेथे सरकार या नावाची दुसरी कोणतीही वस्तू अस्तित्वात नाही, ही गोष्ट आकड्यांच्या रकान्यात मावत नाही.

पुणे जिल्ह्याचेच पाहावे. वेल्हे (आता राजगड), भोर, मुळशी या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातील एखादी वाडी डोळ्यांपुढे आणावी. रेशनचे दुकान खालच्या गावात, दवाखाना त्याहून खाली, बँक आणि कचेरी तालुक्याला. वाडीत सरकारच्या मालकीचे म्हणून जे काही उभे असते ते म्हणजे शाळेच्या दोन खोल्या, पुढचे अंगण, एक झेंड्याचा खांब आणि एक नळ, ज्याला पाणी असतेच असे नाही. याच अंगणात सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, फळ्यावरचा सुविचार, आणि तिसरीतली एखादी मुलगी कालची बातमी अडखळत वाचून दाखविते. कुडापलीकडे शेळ्या सोडायला निघालेली म्हातारी ती बातमी ऐकत उभी राहते. वाडीचे वर्तमानपत्र तेच. दुपारी त्याच अंगणाच्या कडेला खिचडी शिजते. शिजविणारी बाई वाडीतलीच, तुटपुंज्या मानधनावर राबणारी. कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही हे तिला ठाऊक असते, आणि त्या पोराच्या ताटात एक पळी जास्त पडते. शाळेच्या मागे मुलांनी केलेली परसबाग असते. तिथली मेथी, वांगी, टोमॅटो त्याच खिचडीत जातात. किती वाफ्यांत किती रोपे मावतील, हा हिशेब गणिताच्या पुस्तकातला राहत नाही.

वर्षातून एकदा मुलांचा बाजार भरतो. घरून आणलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या, हरभऱ्याची गड्डी, बोरे, आईने केलेली भजी घेऊन पोरे बसतात, आणि गिऱ्हाईक म्हणून सारी वाडी येते. चौथीतला मुलगा पन्नासाच्या नोटेतून बारा रुपये वजा करून मोड परत देतो. समोर उभा असलेला बाप, ज्याला स्वतःला व्यापाऱ्याने आयुष्यभर तोंडी हिशेबावर फसविले, तो ते पाहत राहतो. स्नेहसंमेलनाची रंगभूमी बाके जोडून होते आणि पडदा घरच्या लुगड्यांचा. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या दोन-चार पोरांना ओवाळून, फुले देऊन वर्गात घेतात. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली जे उभे राहतात त्यांत शाळेत कधीच न गेलेली माणसेही असतात. मतदान याच खोलीत, पोलिओचे डोस याच ओट्यावर. अर्ज लिहून देणारा, टपाल वाचून दाखविणारा, कोणत्या दाखल्याला कोणता कागद जोडावा हे सांगणारा माणूस म्हणजे गुरुजी अथवा बाई. त्यांच्यावर लादलेल्या अशैक्षणिक कामांविषयी तक्रार रास्तच आहे. पण हे काम कोणी लादलेले नसते, ते माणुसकीने अंगावर पडलेले असते.

हे चित्र सर्वत्र इतके गोजिरे नसते, हेही सांगून टाकावे. मास्तर उशिरा येतात, लवकर जातात, काही ठिकाणी येतच नाहीत, छपरे गळतात, चौथी झालेल्या मुलाला धड वाचता येत नाही. ही वैगुण्ये झाकून शाळेचा कैवार घेण्यात अर्थ नाही. परंतु गळक्या छपराचा इलाज छप्पर शाकारणे हा असतो. घर काढून टाकणे हा नव्हे.

शिवाय या शाळेला एक समिती असते, जिच्याकडे राजकीय कार्यकर्त्यांचेही लक्ष फारसे जात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले. कागदावरची ती समिती पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहते हे खरे. तरीही धनगरवाड्यातली वा कातकरी वस्तीतली बाई ज्या एकमेव सरकारी सभेला हक्काने बसू शकते आणि खिचडीचे तांदूळ किती आले असे विचारू शकते, ती हीच सभा होय. शाळा आठ-दहा किलोमीटरवर नेली की मुलाला कदाचित बस मिळेल. आईला ती बस मिळणार नाही. दिवसाची मजुरी बुडवून दूरच्या भव्य इमारतीतील सभेला ती जाणार नाही, गेली तर मागच्या रांगेत बसेल आणि बोलणार नाही. तिच्या ठिकाणी कोण बोलेल हे सांगावयास नको. ज्या गावात समूह शाळा होईल त्या गावचे पुढारी तेथे आयतेच हजर असतात.

समूह शाळेच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. सहा मुलांच्या शाळेत मुलाला बरोबरीचे सवंगडी नसतात, खेळायला संघ होत नाही, एकच शिक्षक चार इयत्ता शिकवितो. त्याऐवजी प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडांगण असलेली मोठी शाळा का नको, असा त्यांचा सवाल आहे. पत्रात नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही उदाहरणे आदर्श म्हणून दिली होती. एखाद्या ठिकाणी पालकांनी मिळून, विचार करून तसे ठरविले, आणि बस खरोखरच बारमाही चालली, तर विरोधाचे कारण उरत नाही. पण पत्र पालकांना गेले नव्हते, अधिकाऱ्यांना गेले होते. प्रस्ताव वस्तीकडून मागितले नव्हते, वरून मागविले होते. आणि सह्याद्रीतल्या आषाढ-श्रावणात ओढे फुगतात, दरडी येतात, रस्ता खचतो, तेव्हा सहा वर्षांच्या मुलीने काय करावे, याचे उत्तर बसच्या छायाचित्रात नसते. मोठ्या मुलाचे निभावते. मुलीचे नाव मात्र पहिल्या पावसातच गळते. भिडे वाड्याचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे होते.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे नियम सांगतात. जेथे वस्ती विरळ असल्याने शाळाच नाही, तेथील मुलांसाठी वाहतुकीची सोय करावी, अशी पुरवणी तरतूद आहे. शाळा नसेल तेथे काय करावे यासाठी ठेवलेली ही पळवाट, असलेली शाळा काढून घेण्याचा राजमार्ग म्हणून वापरावयाची, ही कारकुनी चतुराई आहे. ‘एकही शाळा बंद होणार नाही’ असा खुलासा सरकारने नंतर केला. पण २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता, तेव्हाही शब्द ‘समायोजन’ असाच होता. मराठी भाषेत बंद करणे या क्रियेला इतके सभ्य पर्याय असतील, हे शासकीय परिपत्रके येईपर्यंत कोणास ठाऊक नव्हते.

मुळात पट घसरला कसा? कुटुंबे लहान झाली, माणसे शहराकडे गेली, हे कारण आहेच. पण २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा करून सरकारने खाजगी शाळांना दार सताड उघडले. त्याच वर्षी शिक्षकभरतीवर बंदी आली आणि ती पुढे कित्येक वर्षे टिकली. एकीकडे गावातून इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या फिरू लागल्या आणि दुसरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन मास्तरांच्या जागी एक उरला. पालकाने मूल उचलून गाडीत बसविले, यात त्याचा दोष तो काय? मग पट मोजला गेला, तो कमी भरला, आणि कमी पट हाच शाळेचा गुन्हा ठरला. शेताचे पाणी तोडून पीक वाळले म्हणून शेत विकावयास काढणाऱ्या सावकाराची रीत याहून निराळी नसते. २०२४ साली तर आणखी पुढचा मनसुबा जाहीर झाला. लहान पटाच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एक महिना १५,००० रुपयांवर कंत्राटी नेमावा! त्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ रोजी शिक्षक सामूहिक रजेवर जाऊन रस्त्यावर उतरले.

खर्च परवडत नाही, हा युक्तिवाद या पुण्याने फार पूर्वी ऐकलेला आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी याच मुद्द्याला हात घातला होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, असे त्यांनी सुनावले. बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, प्राथमिक शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, या त्यांच्या मागण्या होत्या. पंधरा हजारांच्या कंत्राटाची योजना आखणाऱ्यांनी ते निवेदन वाचले असेल असे वाटत नाही; पुतळ्याला हार घालण्यासाठी ते वाचावे लागत नाही. पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधात सरकारी अधिकारी होते, जमीनदार होते, आणि त्यांच्या तोंडी खर्चाची भाषा होती. पाच वर्षांनी, १९१७ साली, शाहू छत्रपतींनी कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात तेच सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू करून दाखविले. पैसा ब्रिटिश हिंदुस्थानापेक्षा कोल्हापुरात अधिक होता, असे कोणी म्हणणार नाही.

लहान शाळा मरणपंथालाच लागलेली असते, हेही खरे नाही. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा एकदा तीन मुलांवर आली होती. शिक्षक आणि गावकरी यांनी मिळून ती उभी केली, पट शंभराच्या पुढे गेला, आणि २०२५ साली जागतिक पातळीवरील शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार तिला मिळाला. २०२३ च्या सप्टेंबरी कसोटीने तीन मुलांच्या त्या शाळेचे काय झाले असते? मात्र या उदाहरणाचाही विपर्यास होऊ नये. प्रत्येक वाडीच्या शाळेने जगात नाव काढल्यावरच तिला जगू द्यावे, अशी नवी अट त्यातून निघता कामा नये. धनगरवाड्यातील अकरा मुलांची शाळा अकरा मुलांचीच राहिली, तरी ती राहिली पाहिजे.

लोकांनी हे ओळखले आहे. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची धरणग्रस्तांची शाळा बंद झाली, तेव्हा २०२३ च्या ऑक्टोबरात तेथील मुले व पालक शेळ्या-बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेले. दप्तरे घ्या आणि आम्हांला बकऱ्या द्या, अशी त्यांची घोषणा होती. शाळा गेली की मुलाच्या हाती काय येते, हे कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाच्या अहवालापेक्षा त्या घोषणेने अधिक नेमके सांगितले.

यात पुण्यातील पुरोगामी वर्तुळाचे काय? अकरा एप्रिलला, तीन जानेवारीला समता भूमीवर गर्दी होते, भाषणे होतात, ती व्हावीतच. पण भाषण करणाऱ्यांपैकी कितीजणांची मुले-नातवंडे सरकारी शाळेत आहेत, आणि कितीजणांनी गेल्या वर्षभरात मावळातल्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेचा उंबरठा ओलांडला आहे? शाळा वाचविण्याच्या निवेदनावर सह्या पुष्कळ गोळा होतात. समितीच्या बैठकीला माणूस मिळत नाही. शिक्षक संघटनांनीही बदली आणि निवृत्तिवेतन यांच्या पलीकडे जाऊन पालकांशी नाते जोडले असते, तर २५ सप्टेंबरच्या मोर्चात वाडीवाडीची माणसे दिसली असती.

३० सप्टेंबरच्या पटावर पुढल्या वर्षीची शिक्षकांची संचमान्यता ठरते. म्हणून काम जूनमध्ये सुरू करावे लागते: कोणत्या वाडीत सहा वर्षांची किती मुले आहेत, कोण पिवळ्या गाडीत बसते आहे आणि का, वीटभट्टीवर वा ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरे कोणाकडे राहणार आहेत, व्यवस्थापन समितीची मुदत केव्हा संपते, तिच्यावर स्त्रिया खरोखर निवडल्या जातात की सह्यांपुरत्या. एकत्रीकरणाचा प्रस्ताव आलाच, तर त्यावर ग्रामसभेचा ठराव आधी घ्यावा लागेल. आणि तो घेताना वरच्या वाडीची माणसे सभेला खाली उतरली आहेत की नाहीत, हे पाहणारे कोणीतरी तेथे हजर असावे लागेल.