म्हणे 'हा पीसी चालणार नाही'!

विंडोज ११ टाकायला गेलं की सेटअप म्हणतो, हा पीसी चालणार नाही. की लगेच रिपेअरवाला म्हणणार, "साहेब, नवीनच घ्या." ठाण्याचं मानपाडा घ्या नाहीतर डोंबिवलीचा मानपाडा रोड, पट्टी तीच!

अहो, आधी बायोस तरी उघडा. टीपीएम २.० साठी वेगळी चिप लागतेच असं नाही. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने ती सोय फर्मवेअरमध्येच असते, बऱ्याचदा नुसती बंद ठेवलेली. चालू करायला दोन मिनिटं लागतात.

उरला प्रोसेसर. इंटेलची आठवी पिढी हवी, सातवी नको. का, तर सुरक्षितता. बरं! मग २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सातव्या पिढीतल्या आय७-७८२०एचक्यूला सूट कशी दिली? तो त्यांच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता, हा योगायोग समजायचा का?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून चार कोअरचा धडधाकट आय५-७५०० भंगारात? टॅली लागत असेल तर लिनक्सवर अडचण येते, मान्य. पण ब्राउझर आणि टायपिंगपुरत्या पीसीवर मिंट टाकून द्यायला काय जातं? त्यात कमिशन नाही, एवढंच ना?